अखबार बंद होतो तेव्हा अंधारात कोण जातं? शोएबुल्लाह खान आणि १९४८ चं हैदराबाद

सप्टेंबर महिना लागला की आपल्या मराठवाड्यातल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. एका मेसेजमध्ये निजामाचं राज्य म्हणजे नुसता जुलूम, दुसरं काही नाहीच. दुसऱ्यामध्ये निजामाचं राज्य म्हणजे सोन्याचा जमाना, सगळं कसं छान चाललं होतं. १७ सप्टेंबर उलटला की दोन्ही मेसेज गप्प होतात, ते थेट पुढच्या वर्षापर्यंत.

या दोन्ही मेसेजमध्ये एक नाव सहसा नसतं. ते नाव म्हणजे शोएबुल्लाह खान. वय २७. हैदराबादच्या उर्दू दैनिक 'इमरोज'चे संपादक. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री ऑफिसातून घरी जाताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, हात तोडले गेले आणि काही तासांतच त्यांचा इंतकाल झाला. त्यांचा गुन्हा काय होता? मुस्लिम असून, उर्दूतून, मुस्लिम वाचकांना त्यांनी सांगितलं होतं की हैदराबादने भारतात सामील व्हावं आणि रझाकार जे करत आहेत ते चूक आहे.

वर्तमानपत्राचं स्वातंत्र्य हा विषय निघाला की आपल्याकडे पुष्कळ जण म्हणतात, तो पत्रकारांचा मामला आहे, आपला काय संबंध? या लेखात आम्ही एवढंच समजावून सांगणार आहोत की सरकार अखबार बंद करतं तेव्हा नुकसान एकट्या संपादकाचं होत नाही. सगळ्यात मोठी किंमत मोजतो तो साधा माणूस, ज्याच्या घरी त्या अखबारातून खरी खबर येणार होती. आणि हे समजून घ्यायला १९४८ च्या हैदराबादइतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही.

एक रेल्वे लाईन, दोन राज्यं

जवळचं म्हणतो ते उगाच नाही. आमच्या चांदवडहून मनमाड जंक्शन पंचवीसेक किलोमीटरवर. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादपर्यंत जाणारी निजामाची रेल्वे सुरू झाली. मनमाड, नगरसूल इकडे, म्हणजे इंग्रजांच्या नाशिक जिल्ह्यात. पुढे वैजापूर तालुक्यातलं रोटेगाव आलं की निजामाचं राज्य. आजचा प्रवासी ही हद्द चहा पिता पिता ओलांडतो. तेव्हा मात्र हद्द ओलांडली की कायदा बदलायचा, आणि काय वाचायची परवानगी आहे तेही बदलायचं.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात तेव्हा मराठवाड्याचे पाच जिल्हे होते: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. १९४१ च्या खानेसुमारीत संस्थानाची लोकसंख्या दीड कोटीच्या वर होती. तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू अशा चार जबानी तिथे बोलल्या जात. मीर उस्मान अली खान १९११ पासून गादीवर होते. उस्मानिया विद्यापीठ, दवाखाने, रेल्वे, तलाव ही त्यांच्या काळातली कामं खरी आहेत, ती नाकारायचं कारण नाही. पण कायदा करणारं, लोकांनी निवडून दिलेलं खरंखुरं विधिमंडळ नव्हतं, आणि सरकारला जाब विचारणारा अखबार सहन केला जात नव्हता, हेही तितकंच खरं आहे.

अखबाराचं तोंड बंद करायच्या पाच तऱ्हा

सेन्सॉरशिप म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो लाल पेन्सिल घेऊन बसलेला अंमलदार, जो मजकुरावर काट मारतो. प्रत्यक्षात हुकूमतीकडे याहून सोपे मार्ग असतात. इतिहासात ते पुन्हा पुन्हा वापरले गेले आहेत. इंग्रजांनी वापरले, निजाम सरकारने वापरले, नंतरही वापरले गेले.

पहिला मार्ग परवान्याचा. अखबार काढायचाच असेल तर आधी सरकारची परवानगी आणा. परवानगी देणं सरकारच्या हातात, काढून घेणंही त्याच्याच हातात. आ. कृ. वाघमारे यांनी मराठवाड्यातल्या लोकांसाठी 'मराठवाडा' हे पत्र १९३७ मध्ये काढलं, पण ते काढावं लागलं पुण्याहून, कारण निजामाच्या हद्दीत राहून असं पत्र चालवणं शक्य नव्हतं.

दुसरा मार्ग हद्दीवर अडवण्याचा. बाहेर छापलेलं पत्र आत येऊ द्यायचं नाही. 'मराठवाडा'वर अशी बंदी आली. वाघमारे यांनी मग पत्राचं नाव बदललं. नव्या नावावर बंदी आली की आणखी नवं नाव. सरकार बंदी घालत राहिलं आणि ते नावं बदलत राहिले.

तिसरा मार्ग पैशाचा. इंग्रजांच्या १९१० च्या प्रेस अ‍ॅक्टमध्ये छापखान्याकडून अनामत रक्कम मागायची सोय होती. न पटणारं काही छापलं की अनामत जप्त, पुढच्या वेळी रक्कम आणखी मोठी. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी १९१२ मध्ये कलकत्त्याहून 'अल-हिलाल' सुरू केला, तेव्हा त्यांच्या बाबतीत हेच झालं. आधी २००० रुपये जप्त झाले, मग १०००० मागितले गेले, आणि १९१४ मध्ये 'अल-हिलाल' बंद पडला. कोणी 'बंद करा' असा हुकूम काढलाच नाही. फक्त परवडू दिलं नाही.

चौथा मार्ग जेलचा. १९०८ साली लोकमान्य टिळकांना 'केसरी'तल्या लेखांसाठी राजद्रोहाच्या कलमाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेला पाठवलं गेलं. त्याच साली अलीगढहून 'उर्दू-ए-मुअल्ला' काढणारे मौलाना हसरत मोहानी यांनाही एका लेखासाठी जेल झाली. आपल्या शाळेच्या पुस्तकात मुलं टिळक वाचतात, घरी उर्दू शायरीत हसरत ऐकतात. दोघांना एकाच साली, एकाच तऱ्हेच्या आरोपाखाली आत टाकलं होतं आणि हसरत टिळकांना आपला राजकीय रहनुमा मानत होते, हे मात्र फार थोड्या घरांत माहीत असतं.

पाचवा मार्ग सगळ्यात घातक. सरकारने स्वतः काही करायचं नाही. जमावाला मोकळं सोडायचं आणि मग हात झटकायचे. हैदराबादेत शेवटी हाच मार्ग वापरला गेला.

'ताज', 'रय्यत' आणि 'इमरोज'

शोएबुल्लाह खान १९२० साली जन्मले आणि उस्मानिया विद्यापीठातून बी.ए. झाले. त्या काळात अशा शिकलेल्या मुस्लिम तरुणाला सरकारी नोकरी मिळणं अवघड नव्हतं. त्यांनी पत्रकारिता धरली. आधी 'ताज' नावाच्या उर्दू साप्ताहिकात. सरकारविरोधी मजकुरामुळे ते बंद करण्यात आलं. मग मंदुमुला नरसिंगराव यांच्या 'रय्यत' या उर्दू पत्रात. तेही बंद पडलं. तेव्हा त्यांनी स्वतःचा अखबार काढायचं ठरवलं. बुर्गुला रामकृष्ण राव यांच्यासारख्या मित्रांची मदत मिळाली आणि १५ नोव्हेंबर १९४७ ला 'इमरोज' सुरू झाला. इमरोज म्हणजे आजचा दिवस.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. देश स्वतंत्र झाला होता, पण हैदराबाद भारतात सामील व्हायला तयार नव्हतं. २९ नोव्हेंबर १९४७ ला एक वर्षापुरता 'जैसे थे' करार झाला. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनची सूत्रं तेव्हा लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या हातात होती आणि रझाकार ही त्यांची हत्यारबंद संघटना गावोगाव पसरली होती. (आजच्या पक्षाशी त्याची गल्लत करू नये. या नावाने पुढे १९५८ मध्ये भारतीय संविधान मान्य करून नव्याने काम सुरू झालं.) रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली. सरहद्दीच्या अलीकडे, आपल्या भागात, निर्वासितांचे लोंढे येत होते.

हैदराबादमध्ये त्या वेळी दुसऱ्या बाजूचे अखबार होतेच. सरकारचा रेडिओ होता. रझवी यांच्या भाषणांत दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावण्याच्या गोष्टी होत होत्या. या सगळ्या आवाजात 'इमरोज' लिहीत होता की रझाकारांचे जुलूम थांबवा, जनतेला जबाबदार असं सरकार आणा, भारताशी मिळून घ्या, यातच हैदराबादच्या मुस्लिमांचंही भलं आहे.

ऑगस्ट १९४८ मध्ये सात मुस्लिम मान्यवरांनी एक जाहीर निवेदन काढलं. रझाकार बरखास्त करावेत आणि भारतात सामील व्हावं, असं त्यात म्हटलं होतं. सह्या करणाऱ्यांत फरीद मिर्झा होते, जे नांदेड जिल्ह्यात महसूल अधिकारी होते आणि रझाकारांची करणी डोळ्यांनी पाहून ज्यांनी नोकरी सोडली होती. 'इमरोज'ने हे निवेदन छापलं.

रझाकारांच्या सभांतून विरोधकांचे हात कापण्याची भाषा उघड उघड होऊ लागली. काही दिवसांतच ती खरी करून दाखवली गेली. २१ ऑगस्टच्या रात्री अंक छापायला देऊन शोएबुल्लाह खान घराकडे निघाले. सोबत त्यांचे मेहुणे इस्माईल खान होते. हल्लेखोरांनी वाटेत गाठलं. संपादकाचे लिहिणारे हात तोडले. मेहुण्यालाही जबर जखमी केलं. २२ ऑगस्टच्या पहाटे शोएबुल्लाह खान अल्लाहला प्यारे झाले. आणि 'इमरोज'ही संपला.

ध्यानात घ्या, 'इमरोज'वर बंदीचा हुकूम निघाला नव्हता. परवाना रद्द करून 'ताज' आणि 'रय्यत' बंद पाडता आले. जो माणूस तरीही लिहीत राहिला, त्याच्यासाठी जमाव होता. ज्या सरकारने आधीची दोन कुलपं लावली, त्याला तिसऱ्याची जबाबदारी झटकता येत नाही.

मग किंमत कोणी मोजली?

शोएबुल्लाह खान गेले त्यानंतर तीन आठवड्यांनी, १३ सप्टेंबरला, भारतीय फौज हैदराबादमध्ये शिरली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. पाच दिवस. ज्या ताकदीच्या गर्जना वर्षभर चालल्या होत्या ती पाच दिवस टिकली.

आता प्रश्न असा की परभणीच्या, बीडच्या, उस्मानाबादच्या साध्या मुस्लिम माणसाला हे आधी माहीत होतं का? त्याच्या कानावर वर्षभर काय पडत होतं? हैदराबाद अजिंक्य आहे, घाबरू नका. खरी ताकद किती, भारताची तयारी किती, पुढे काय होऊ शकतं, हे त्याला त्याच्या जबानीत सांगणारे होते 'इमरोज'सारखे मोजके अखबार. ते बंद झाले. जो सावध झाला असता, ज्याने रझाकारांना आपल्या गावातून घालवलं असतं, ज्याने शेजाऱ्याशी वेळीच मिटवून घेतलं असतं, त्याच्या हातात खबरच नव्हती. रझाकारांत नसलेला, कधी कोणावर हात न उचललेला माणूसही मग सप्टेंबरनंतरच्या बदल्याच्या आगीत सापडला.

कासिम रझवी यांचं काय झालं? त्यांच्यावर खटले चालले, बीबीनगरच्या दरोड्याच्या प्रकरणात शिक्षा झाली, ती भोगून ते १९५७ मध्ये सुटले आणि पाकिस्तानात गेले. निजाम पुढे राजप्रमुख झाले. गावातला विणकर, शिंपी, शेतमजूर मात्र कुठेच जाऊ शकत नव्हता.

हे फक्त हैदराबादचं नाही. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी जगभरातल्या दुष्काळांचा अभ्यास करून एक गोष्ट मांडली आहे. जिथे निवडणुका होतात आणि वर्तमानपत्रं मोकळी असतात, तिथे लाखो माणसं उपाशी मरतील असा दुष्काळ पडत नाही. चीनमध्ये १९५८ ते १९६१ या काळात कोट्यवधी माणसं उपासमारीने मेली. खालचे अधिकारी भीतीने पीक भरघोस आल्याचे आकडे वर कळवत होते आणि खरं छापणारा अखबार नव्हता. भूक लपवली गेली म्हणून ती थांबवता आली नाही.

दुसरं कुलूप

इथपर्यंतची गोष्ट मराठी पुस्तकांत कमी-जास्त सापडते. पुढची गोष्ट सापडायला कठीण आहे.

पोलीस अ‍ॅक्शननंतर मराठवाड्यात आणि आसपास जे घडलं, त्याची चौकशी करायला पंतप्रधान पंडित नेहरूंनी सदिच्छा मंडळ पाठवलं. त्यात पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री होते. यातले काझी अब्दुल गफ्फार स्वतः पत्रकार, हैदराबादमध्ये 'पयाम' हे उर्दू दैनिक चालवलेले. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये हे लोक गावोगाव फिरले. त्यांनी अहवालात लिहिलं की अगदी सावधपणे अंदाज केला तरी २७००० ते ४०००० माणसं मारली गेली. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. रझाकारांनी आधी केलेले अत्याचारही त्यांनी लपवले नाहीत, आणि मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद केली.

हा अहवाल सरकारने छापला नाही. सरदार पटेलांना तो मान्य नव्हता. कित्येक दशकं तो फायलीत पडून राहिला. पुढे अभ्यासकांनी त्याचे भाग छापले आणि आता तो दिल्लीत, पूर्वी नेहरू मेमोरियल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लायब्ररीत पाहायला मिळतो.

आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही वाचतो, म्हणून ही अडचण आम्हाला रोज दिसते. मराठी पुस्तकात स्वामी रामानंद तीर्थ आहेत, रझाकार आहेत, पण अहवालातले ते मेलेले लोक नाहीत. उर्दू घरांतल्या 'सुकूत-ए-हैदराबाद'च्या आठवणींत मेलेले लोक आहेत, पण रझाकारांनी मारलेला शोएबुल्लाह नाही, लुटलेली गावं नाहीत. दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी गोष्ट मिळाली आणि प्रत्येकाला आपलीच पूर्ण वाटते. बातमी दाबली की असं होतं. ती नाहीशी होत नाही, तिच्या जागी अफवा आणि राग येऊन बसतात आणि ते मुलांपर्यंत, नातवंडांपर्यंत पोचतात.

आपलं संविधान काय म्हणतं?

आपल्या संविधानात 'वर्तमानपत्राचं स्वातंत्र्य' असा वेगळा शब्द नाही. कलम १९(१)(अ) प्रत्येक नागरिकाला बोलण्याचं आणि मत मांडण्याचं स्वातंत्र्य देतं, आणि वर्तमानपत्राचं स्वातंत्र्य त्यातच येतं, असं सुप्रीम कोर्टाने सुरुवातीपासून सांगितलं आहे. म्हणजे हा पत्रकारांचा खास हक नाही. तुमच्या-आमच्या हकाचाच तो भाग आहे. त्यावर कलम १९(२) मध्ये दिलेल्या कारणांसाठीच, आणि तेही वाजवी, बंधन घालता येतं.

१९५० मध्येच कसोटी लागली. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉसरोड्स' साप्ताहिकाला मद्रास सरकारने हद्दीत यायला बंदी केली. निजाम सरकारने 'मराठवाडा'ला अडवलं होतं, तोच प्रकार. सुप्रीम कोर्टाने रोमेश थापर खटल्यात ही बंदी रद्द केली. पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करून सरकारने बंधनांची यादी वाढवली, हेही सांगायला हवं. नंतर वर्तमानपत्राची पानं आणि किंमत सरकारने ठरवण्याचा १९५६ चा कायदा आला. पुण्याच्या 'सकाळ'ने त्याला आव्हान दिलं आणि सुप्रीम कोर्टाने तोही रद्द केला. पैशाच्या वाटेने गळा आवळता येणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

तरी २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली आणि छापण्याआधी मजकूर सेन्सॉरला दाखवायची सक्ती आली. जुलैमध्ये जमाअत-ए-इस्लामी हिंद आणि आरएसएस या दोघांवर एकदमच बंदी घातली गेली. आपल्या नाशिकरोड जेलमध्येही मिसाखाली पकडलेले राजकीय कैदी होते. एप्रिल १९७६ मध्ये दिल्लीत तुर्कमान गेटला मुस्लिम वस्तीवर बुलडोझर चालले, विरोध करणाऱ्यांवर गोळीबार झाला. सेन्सॉरमुळे तेव्हा ही बातमी देशभरच्या वाचकांपर्यंत नीट पोचलीच नाही. तिथले लोक एकटे पडले. आणि ज्या सरकारने हे केलं त्यालाही लोकांच्या मनातलं कळेनासं झालं. मार्च १९७७ च्या निवडणुकीत ते पडलं.

आजही हा विषय जुना झालेला नाही. केरळचे पत्रकार सिद्दीक कप्पन हाथरसला बातमीसाठी जाताना ऑक्टोबर २०२० मध्ये पकडले गेले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये जेलबाहेर आले. 'मीडियावन' या मल्याळी चॅनेलचा परवाना सरकारने देशाच्या सुरक्षेचं कारण सांगून नाकारला. कारणाचा तपशील बंद लिफाफ्यात. एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो हुकूम रद्द केला आणि सरकारवर टीका केली म्हणून कोणी देशविरोधी होत नाही, असं स्पष्ट केलं. आपल्या महाराष्ट्रात राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांनी रिफायनरीच्या जमिनीच्या वादाबद्दल बातमी दिली. ती छापून आली त्याच दिवशी, ६ फेब्रुवारी २०२३ ला, त्यांना गाडीने उडवलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. त्या बातमीत ज्याचं नाव होतं त्यालाच पोलिसांनी अटक केली. रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेच्या २०२५ च्या यादीत १८० देशांत आपला नंबर १५१ होता.

'पण मीडिया तर आपल्यालाच बदनाम करतो!'

हा प्रश्न आम्हाला हमखास ऐकायला मिळतो, आणि तो चुकीचा नाही. २०२० मध्ये कोरोना पसरवल्याचा सगळा ठपका तबलीगी जमाअतवर ठेवणाऱ्या चॅनेलांचं स्वातंत्र्य आपण का जपायचं?

त्याचं उत्तर औरंगाबादमधूनच मिळालं. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले. छापील आणि इलेक्ट्रॉनिक मीडियातून मोठा अपप्रचार झाला, असंही कोर्टाने निकालात म्हटलं. हा निकाल आपल्यापर्यंत पोचला तो कसा? तो छापणारे, त्यावर लिहिणारे पत्रकार होते म्हणून. ते नसते तर बदनामी घराघरांत राहिली असती आणि निकाल फायलीत.

द्वेष पसरवणं आणि बातमी देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. द्वेष पसरवण्याविरुद्ध कायदा आहे. छापील मजकुराची तक्रार प्रेस कौन्सिलकडे करता येते, चॅनेलांची त्यांच्या स्वनियमन संस्थेकडे. पण कोणती बातमी चालू द्यायची हे ठरवण्याची मुखत्यारी एकदा सरकारच्या हातात दिली की पहिला बंद होतो तो कमजोर माणसाचा आवाज. ज्या चॅनेलला सत्तेचा आधार आहे, त्याला हात लागत नाही. १९४८ मध्ये हैदराबादमध्ये द्वेषाची भाषा करणारे अखबार चालूच होते. बंद झाला तो 'इमरोज'.

घरात, शाळेत काय करता येईल

सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आलेली खबर आधी तपासून घ्यायला सांगितलं आहे, नाहीतर नकळत कोणाचं नुकसान करून बसाल आणि मग पस्तावाल. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत तर याहून कठीण हुकूम आहे: गवाही इन्साफाची द्या, मग ती स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा नातेवाइकांच्या विरोधात का जाईना. वाचायला सोपं, निभवायला अवघड. एका २७ वर्षांच्या संपादकाने आपल्याच लोकांविरुद्ध खरी गवाही दिली आणि त्याची काय किंमत मोजली, ते वर आलंच आहे.

आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. काही साध्या गोष्टी आहेत.

फॉरवर्ड आला तर पुढे ढकलण्याआधी पाहावं: कोणी लिहिलं आहे, कुठे आणि कधी छापलं आहे, दुसऱ्या कुठल्या अखबारात आहे का. नाव-गाव नसेल तर तिथेच थांबवावं, मग तो आपल्या बाजूचा असला तरी.

एक उर्दू आणि एक मराठी, असे दोन अखबार घरात वाचले जावेत. एकच बातमी दोन्हीकडे कशी आली आहे ते मुलांना शेजारी ठेवून दाखवावं. काय सोडून दिलं आहे ते मुलांना आपोआप कळतं.

तालुक्याच्या बातमीदाराला ओळखावं. रेशन, घरकुल, शाळेतली रिकामी पदं यांची बातमी तोच देतो. त्याला धमकी आली तर ती गावाने आपली मानावी. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरोधात महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला आहे, पण लोक सोबत उभे राहिले नाहीत तर कायदा कागदावरच राहतो.

नुसती दर्शक-संख्या वाढवणारा आरडाओरडा बघणं बंद करावं आणि मेहनतीने खबर आणणाऱ्या छोट्या अखबाराची वर्गणी भरावी. 'अल-हिलाल' पैशाअभावी बंद पाडता आला होता, हे विसरू नये.

आणि या सप्टेंबरमध्ये ते दोन मेसेज आले की त्याखाली दोन गोष्टी लिहाव्यात. एक, शोएबुल्लाह खान यांचं नाव आणि २२ ऑगस्ट १९४८ ही तारीख. दुसरी, सुंदरलाल अहवालाचं नाव. मुलं विचारतील, हे कोण, हे काय? तेव्हा त्यांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात, एकही न गाळता.